इंजिनाचा श्वास

यंत्राला इंधन लागते हे आपण सारेच जाणतो. परंतु यंत्राला श्वासही लागतो, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानी येत नाही. पेट्रोल संपत आले तर काटा सांगतो. श्वास कोंडू लागला तर सांगणारे कोणी नसते. आपल्या धर्मग्रामांत आज आळीआळीला एखादी व्हॅन आहे. कोणी तिच्यातून शाळेची मुले नेतो, कोणी पहाटे फुले नि भाजी स्टेशनवर पोहोचवतो, अडल्यानडल्या रुग्णाला तीच इस्पितळात नेते. पावसाळ्यात अशा गाड्या रस्त्यात बंद पडतात आणि ‘इंजिनात पाणी गेले’ एवढ्या तीन शब्दांत त्यांच्या दुखण्याचे निदान उरकले जाते. हे पाणी आत शिरते कोठून आणि शिरल्यावर करते काय, हे समजून घेण्यासारखे आहे.

इंजिनाचे कार्य चार टप्प्यांत चालते. पिस्टन खाली येताना हवा आत ओढली जाते, वर जाताना ती दाबली जाते, मग इंधन पेटून पिस्टन खाली ढकलला जातो आणि शेवटी जळका धूर बाहेर पडतो. हवा ज्या वाटेने येते ती वाट म्हणजे इंजिनाचे नाक. एअर फिल्टरच्या डब्याला जोडलेली ती नळी बऱ्याच गाड्यांत पुढच्या बाजूस उघडते. नाक पाण्याखाली गेले की इंजिन हवेऐवजी पाणी ओढते.

हवेचा गुण असा, की ती दाबली जाते. पाणी मात्र दबत नाही. ८०० सीसीच्या, तीन सिलिंडरांच्या इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान सुमारे २६५ घन सेंटीमीटर भरते. पिस्टन पार वर पोहोचल्यावर त्याच्या माथ्यावर उरणारी जागा असते जेमतेम तीस-पस्तीस घन सेंटीमीटरची. स्वयंपाकघरातील दोन मोठे चमचे पाणी ती भरून टाकते. त्याहून अधिक पाणी आत असेल, तर पिस्टनला वर जायला जागाच उरत नाही. परंतु फिरत्या इंजिनाचा जोर त्याला वर रेटतोच. पाणी हटत नाही, सिलिंडरचा माथा हटत नाही. मग या दोहोंच्या भांडणात बिचारा कनेक्टिंग रॉड वाकतो. क्वचित तुटून इंजिनाच्या ओतीव लोखंडालाच भोक पाडतो. वेग मोठा असेल तर हे क्षणात घडते. वेग कमी असेल तर इंजिन नुसतेच गुदमरून थांबते, आणि अशा वेळी ते पुष्कळदा वाचू शकते. मात्र वाचवणे आता चालकाच्या हाती असते.

जुलै २०१८ मध्ये वसईत पुराचे पाणी काही दिवस घराघरांत ठाण मांडून होते. त्या दिवसांत डायलिसिसच्या एका रुग्णाला आमच्या धर्मग्रामाच्या व्हॅनमधून इस्पितळात न्यावयाचे होते. सोबत त्यांचा मुलगा, शेजारचे एक काका आणि मी. पाणी चाकांच्या निम्म्याला होते आणि आमचा तरुण चालक जपून, हळूहळू गाडी काढीत होता. इतक्यात समोरून एक डंपर वेगाने आला. त्याने उठवलेली लाट व्हॅनच्या तोंडावर आदळली, आणि इंजिन एक आचका देऊन बंद पडले.

“मार की रे सेल्फ पुन्हा!” काका म्हणाले.

“नाही काका. पाणी आत गेलंय.”

“तुला गाडीची पडलीय! इथे माझा बाप...” मुलाला पुढे बोलवेना.

चालक माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, “फादर, आता चावी फिरवली तर ही गाडी संपली. आणि ती चालू होणारही नाही. मी दुसरी सोय बघतो.” त्याने चावी खिशात घातली, तो पाण्यात उतरला आणि वाडीच्या दिशेने चालू लागला. पाऊण तासाने तो ट्रॅक्टर घेऊन परतला. त्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हवेची नळी उभी केलेली होती. त्याचे नाक पाण्याच्या पुष्कळ वर होते. त्यावरून रुग्ण इस्पितळात पोहोचले. तो पाऊण तास मी त्या मुलाशेजारी बसून काढला. तो किती लांब होता, ते घड्याळ सांगू शकणार नाही.

पाणी ओसरल्यावर मिस्त्रीने प्लग काढून इंजिन फिरवले, तेव्हा प्लगच्या भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. फिल्टर बदलला, ऑइल बदलले, गाडी चालू झाली. त्याच गॅरेजमध्ये दुसरी एक व्हॅन उभी होती. तीही पाण्यातच बंद पडलेली. पण तिला चारचौघांनी धक्के मारमारून चालू करू पाहिले होते. तिचे इंजिन खोलले तेव्हा रॉड वाकलेला निघाला आणि ऑइल ताकासारखे पांढरट झालेले. मिस्त्री म्हणाला, “फादर, कधीकधी रॉड थोडासाच वाकतो. गाडी महिना-दोन महिने चालते, मालक खूश असतो. मग एक दिवस भर रस्त्यात इंजिन फुटतं.”

संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधने’त विवेकाचे काही नियम दिलेले आहेत. सेमिनरीत ते आम्हांला शिकवले जात. त्यांपैकी एका नियमाचा आशय असा, की मन उद्विग्न झालेले असताना पूर्वीचे निश्चय बदलू नयेत. त्या नियमात आळसाला थारा नाही. त्याच काळात प्रार्थना वाढवावी, असेही ते सांगतात. थांबणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे नव्हे. आमचा चालकही स्वस्थ बसला नव्हता. त्याने फक्त चावी फिरवली नाही.

धर्मगुरूच्या दाराशी येणाऱ्या कितीतरी दुःखांचे मूळ या चावीत असते. बापलेकांत शब्दाने शब्द वाढतो. तो पहिला घाव बहुधा भरून येणारा असतो. परंतु त्याच रात्री, त्याच संतापात, ‘आत्ताच्या आत्ता काय तो निकाल लागू दे’ म्हणून पुन्हा विषय काढला जातो, नातेवाईक मागून धक्के मारतात, आणि आतले काहीतरी वाकते. वरून संसार चाललेला दिसतो. आवाज पुढे केव्हातरी येतो.

तेव्हा वाचकहो, पावसाळ्यापूर्वी आपल्या गाडीचे नाक कोठे आहे, ते मिस्त्रीकडून एकदा दाखवून घ्यावे. पाणी तिथवर पोहोचेल असे वाटले तर गाडी पाण्यात घालूच नये. मोठी वाहने समोरून येत असतील तर त्यांना आधी जाऊ द्यावे. लाट खोलीहून घातक असते. गाडी पाण्यात बंद पडलीच तर सेल्फ मारू नये, धक्का मारू नये. आतल्या माणसांना प्रथम बाहेर काढावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्या दिवशी मुंबईत बंद मोटारींत अडकून माणसे दगावली. इंजिन पुन्हा मिळते.

आपल्यापैकी अनेकांच्या गाडीत संत ख्रिस्तोफर यांचे पदक असते. २५ जुलै हा त्यांचा पारंपरिक सण, ऐन पावसातला. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणाऱ्या या संताची कथा सर्वांना परिचित आहे. चित्रांत त्यांच्या हाती एक भक्कम काठी दिसते. पाऊल टाकण्याआधी पाण्याचा ठाव घ्यावा, एवढे तरी त्या काठीकडून आपण शिकावे.