पऱ्हाटी पेटली आणि मी बसलेच!

ऐका ना! पऱ्हाटीवर तापवलेल्या पाण्यानं तुम्ही कधी अंघोळ केली आहे? नाही? मग हे वाचून झालं की बॅग भरा आणि अकोटची एसटी पकडा! मी जाऊन आलेय आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये!

आधीच सांगते, लाकडातलं मला काही म्हणजे काही कळत नाही. अमरावतीत वाढले, गॅस आणि गिझरवर. जानेवारीत आत्याच्या सासरी राहायला गेले, अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. अकोला म्हटलं की आपल्याला आठवतो तो मे महिना, 45 अंशांच्या पुढे गेलेला पारा! पण जानेवारीत तोच पारा 10च्या खाली उतरतो, डोंगरावरून वारं सुटतं, आणि मग पहाटे साऱ्या गावाच्या अंगणांतून धुराच्या रेघा निघतात आणि मग जो तो ब्लँकेट गुंडाळून त्या रेघांकडे निघतो आणि मग कसली झोप आणि कसलं काय!

आणि जळतं काय, माहीत आहे? कापूस! म्हणजे कापसाचं झाड, पऱ्हाटी! वेचणी संपली की शेतात उरतात त्या काटक्या. आपण अंगात घालतो तो कापूस ज्या झाडाचा, त्याच झाडावर पुढच्या हिवाळ्यात अंघोळीचं पाणी तापतं! वाळलेली पऱ्हाटी अशी पेटते की काय सांगू! तडतड, तडतड, आणि लगेच जाळ! शिवाय जुन्या पऱ्हाटीवर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, म्हणून पीक संपलं की पऱ्हाट्या शेतातून काढून टाका, असं शेतीतले जाणकार सांगत असतात. म्हणजे ती बोंडं चुलीत गेली की अळीचाही निकाल! एका काटकीत केवढं काय काय आहे, बघा तरी!

पण पऱ्हाटी जितकी झटकन पेटते तितकीच झटकन संपते. टिकाऊ निखारा हवा तर बाभूळच! शेवगा भसकन जळतो आणि हाती काही लागत नाही. पिंपळ चुलीत घालायचा नाही, त्यावर चर्चासुद्धा नाही! हे सगळं मला आत्याच्या सासूबाईंनी, म्हणजे आजींनी, फुंकणी हातात देऊन शिकवलं. मी एक जाडजूड लाकूड आत सारलं. चुलीत त्याचं एक टोक जळत होतं आणि बाहेरच्या टोकातून सूंऽऽ आवाज करत पांढरा फेस यायला लागला! लाकडातून पाणी! मी ओरडलेच. आजी म्हणाल्या, "अवं पोरी, वलं लाकूड हाय थे. जयत नाई, नुसतं रडते!"

आणि गंजाच्या बुडाला ओल्या मातीचा लेप! मला वाटलं, भांडं घासायचं राहिलंय. तर तो मुद्दाम लावलेला, म्हणजे काजळी मातीवर बसते आणि धुताना मातीबरोबर निघून जाते! कोणी शोधलं असेल हे? आणि चुलीला मागच्या अंगाला जोडलेला तो वैल! तिथं वेगळं सरपण लागत नाही, पुढच्या जाळाची उरलेली आच तिकडे जाते आणि दूध निवांत गरम राहतं. मी त्या दुधात उगाच तीनतीनदा बोट बुडवून पाहिलं!

रात्रीचं तर ऐकाच! आजींनी बाभळीचे दोन निखारे राखेत दाबले. झालं, विझलं, असं मला वाटलं. पहाटे त्यांनी राख बाजूला केली, तर आत लालभडक! त्यावर गोवरीचा तुकडा, चार काटक्या, एक फुंकर, आणि जाळ! काडीपेटी फळीवर तशीच! हे बघितलं आणि शेगावच्या गजानन महाराजांची चिलमीची गोष्ट मला नव्यानं कळली. अक्षय्य तृतीयेचा दिवस, जानकीराम सोनारानं विस्तव द्यायला नकार दिला आणि महाराजांनी विस्तवाशिवायच चिलीम पेटवली. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट! पण विस्तव शेजाऱ्याकडून मागून आणायची वस्तू होती आणि सणाच्या दिवशी तो घराबाहेर देणं अशुभ मानत, हे त्या चुलीपुढे बसल्यावर डोळ्यांसमोर उभं राहिलं!

संध्याकाळची शेकोटी म्हणजे वेगळंच राज्य! तिथं नियम आहेत! लाकूड न आणता येणाऱ्याला सगळे एका सुरात सांगतात, "रिकाम्या हातानं आला का? बस मंग धुराकडच्या अंगानं!" जाळ उगाच उसकणाऱ्याला ओरडा पडतो, "सारू नोको बे! जयू दे त्याले त्याच्या मनानं!" आणि गंमत म्हणजे ओरडणारा स्वतः दोन मिनिटांनी हळूच काडी सारतो! गावात नवे जावई आले होते. ते जिथं बसतील तिथं धूर हजर! जागा बदलली, धूरही बदलला! कोपऱ्यातून एक काका शांतपणे म्हणाले, "जावाईबापू, धुरालेबी पाहुना कयते!" हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी. की धुरानं? दोन्ही!

आणि हे फक्त वऱ्हाडात नाही बरं का! नॉर्वेच्या सरकारी टीव्हीनं फेब्रुवारी 2013मध्ये सरपणावर 12 तासांचा कार्यक्रम केला. त्यात कितीतरी तास नुसती शेगडीतली आग! आणि लोकांनी तक्रारी कशाच्या केल्या? लाकूड रचताना साल वर हवी की खाली, यावरून! अगदी आमच्या शेकोटीवरचंच भांडण! हे मी काकांना सांगितलं, तर त्यांनी पहिला प्रश्न केला, "त्यायच्याकडं बाभूय हाय का?"

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. पऱ्हाटीचा भारा डोक्यावर आणते ती बहुतेक वेळा बाईच. आत्याच्या हातांवरचे ओरखडे मी जवळून पाहिले. घराच्या आतला धूर जाऊन तिथं गॅस आला, हे फार फार बरं झालं! सिलिंडर चहाला, स्वयंपाकाला, अवेळी आलेल्या पाहुण्याला. मी ज्याच्यापायी वेडी झालेय ती अंगणातली, उघड्यावरची चूल, आणि भारा आणायला आता घरातले पुरुषही जातात, हे बघून तर मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या!

तर मग ठरलं ना? हुरडा संपायच्या आत जाऊ. वांगी निखाऱ्यात भाजू, रोडगे गोवऱ्यांवर लावू, राख झटकू आणि तुपात बुडवून खाऊ. वाटेत कुठं वाळकी काटकी दिसली तर उचला, पिशवीत टाका, लाजू नका! नाहीतर धुराकडच्या अंगाला बसावं लागेल, आणि तिकडं मी तुमच्यासोबत येणार नाही!