कोल्हापूर खूश आहे, हे कोणाला विचारून लिहिले?

२४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे एकच सूर होता. पादत्राणांवरचा १६ टक्क्यांपर्यंतचा आयात कर शून्यावर येणार, कोल्हापुरी चपलेला इंग्लंडची बाजारपेठ खुली होणार, कोल्हापूर खूश.

ती बातमी घेऊन मी मामांकडे गेलो. मामांचा जन्म चपला करण्यात गेला. मामी वेण्या वळतात. मी बातमी वाचून दाखवली. मामा रापी खाली न ठेवता म्हणाले, "व्हय? मग जोडीमागं आमची मजुरी किती वाढणार, ते लिवलंय का त्यात?"

लिहिले नव्हते. बातमीत निर्यातदार बोलले होते, दुकानदार बोलले होते, पुढारी बोलले होते. रापी धरणारा कोणी नव्हता, वेणी वळणारी कोणी नव्हती. 'वारसा' होता, 'शान' होती, पण चर्मकार हा शब्द एकदाही नव्हता. ज्या कामामुळे आमच्या बापजाद्यांना गावाबाहेर ठेवले, त्या कामाचा अभिमान आता सगळ्या जिल्ह्याला वाटतो. तो करणारा मात्र बातमीत मावत नाही.

'अमुक भागाचा कराराला पाठिंबा' असे आपण वाचतो, तेव्हा त्या भागातल्या कोणाला विचारले, हे आधी पाहिले पाहिजे. याच करारावर तिरुपूरचे कपडा निर्यातदार खूश झाले. त्यांची संघटना आहे, त्यांचे म्हणणे लगेच छापून येते. २००९ मध्ये आसियान देशांशी करार झाला, तेव्हा केरळमध्ये रबर, मिरी आणि मासळीच्या प्रश्नावर विरोध उभा राहिला. २ ऑक्टोबरला राज्यभर मानवी साखळी झाली आणि देशाला ती दखल घ्यावी लागली. म्हणजे पाठिंबा असो की विरोध, ज्यांची संघटना आहे त्यांचाच आवाज 'प्रदेशाचा आवाज' ठरतो. मामांची संघटना नाही. म्हणून त्यांच्या वतीने दुकानदार खूश होतो.

मित्रांनो, मी कराराच्या विरोधात नाही. बाजार वाढला तर चांगलेच आहे. प्रश्न वाट्याचा आहे, आणि तो नवा नाही. बाबासाहेबांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात तो विचारला आहे. रुपया घसरला की निर्यात वाढते आणि देशाचे भले होते, असा तेव्हा दावा होता. बाबासाहेबांनी हिशेब मांडला: भाव चढतात, मजुरी मागे राहते, आणि मालकाचा तो नफा परदेशातून नव्हे, तर इथल्याच मजुराच्या पदरातून येतो. करातली सूट ही वेगळी गोष्ट आहे, पण विचारायचा प्रश्न तोच आहे: वाढलेला पैसा कोणाच्या हातात थांबतो?

न छापलेल्या गोष्टी आणखी आहेत. २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून कातडे महाग झाले, वेळेवर मिळत नाही, ही आमच्या वस्तीतली रोजची तक्रार आहे. माल वाढवायचा तर कातडे कुठून आणायचे? याच करारात केंद्र सरकारच्या खरेदीची मोठी कंत्राटे ब्रिटिश कंपन्यांना खुली होतात. त्या खरेदीतला चार टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लघु उद्योजकांकडून घ्यावा, असे २०१२ चे धोरण सांगते. ते चार टक्के वर्षानुवर्षे गाठले गेलेले नाहीत. लघु उद्योगांचे प्राधान्य शाबूत आहे, असे सरकार म्हणते. जे आधीच मिळत नव्हते, ते शाबूत राहून काय उपयोग, हे विचारणारा पत्रकार मला भेटला नाही.

१९२० मध्ये 'मूकनायक' काढण्याची गरज का पडली, हे आपल्याला माहीत आहे. ती गरज संपलेली नाही. म्हणून दोन कामे सुचवतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. या मानांकनात कारागिराला स्वतःच्या नावाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करता येते. आपापल्या वस्तीत किती जणांची नोंद झाली ते बघा, राहिलेल्यांचे अर्ज भरून घ्या. दुसरे, जोडीमागची मजुरी आज किती आहे ते लिहून ठेवा, आणि दोन वर्षांनी पुन्हा विचारा.

मी मामांचा आकडा तारीख घालून वहीत लिहिला आहे. मामी आतून म्हणाल्या, "माझा बी लिव. वेणीचा वेगळा असतोय."

तो मला विचारायचा सुचलाच नव्हता.

जय भीम.