वाटूरचा घाणा आणि पाच वाट्यांमधलं तेल

वाणसामानाच्या यादीत आपण बायका तेल नेहमी पहिल्या ओळीत लिहितो. पंधरवड्यात भाव किती चढला, कुठल्या दुकानात दोन रुपये कमी लागतात, हे झोपेतून उठवलं तरी सांगू. पण त्या पिशवीतलं तेल कोणत्या गावच्या, कोणत्या बीचं, ते कसं निघालं, हे विचारलं तर आपली बोलती बंद होते. शाळेत ‘आपले व्यवसाय’ हा धडा शिकवताना एका मुलीनं मला सरळ विचारलं, “बाई, घाणा म्हणजे काय?” तेली, घाणा, पेंड हे सगळे शब्द मी फळ्यावर लिहिले, चित्र काढलं. तरी मुलांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी आमच्या दोन्ही मुलांना आणि शेजारच्या वहिनींना घेऊन मी वाटूरला गेले. तिथं एक कुटुंब लाकडी घाणा चालवतं, येणाऱ्याला तो दाखवतं आणि तेलाची चवही देतं, असं कानावर आलं होतं.

वाटूर आमच्या जालना जिल्ह्यातच आहे. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या एसटीत बसायचं, तास-सव्वा तासात वाटूर फाटा येतो. इथून परतूरलाही रस्ता फुटतो. फाट्यावर नेहमीची गजबज असते, चहाच्या टपऱ्या, भजी, पंक्चरवाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण व्यापारपेठेवरून पडली असेल, पण रब्बीत या रानातून जाताना ती जमिनीलाही लागू पडते असं वाटतं. हरभरा, गहू, ज्वारी, आणि मधूनच एखाद्या वावराच्या कडेनं पिवळ्या-नारिंगी गोंड्यांची रांग. ती करडई.

ही कडेची रांग उगीच नसते. करडईला काटे असतात. जुने शेतकरी ज्वारीभोवती करडईचे तास टाकायचे, म्हणजे मोकाट गुरं आत शिरत नाहीत. कुंपणही झालं आणि घरच्या वर्षाच्या तेलाची सोयही झाली. करडईचं मूळ खोल जातं, त्यामुळे पावसाळ्यानंतर पाणी नसलं तरी जमिनीतल्या ओलीवर पीक उभं राहतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची. काढणी मात्र पहाटे, दव असताना, कारण तेव्हा काटे मऊ असतात. हातापायांना फडकी गुंडाळून बाया कापणीला जातात. मराठवाड्यातल्या ज्या लेकीबाळी शहरात गेल्या आहेत, त्यांना करडई आठवते ती कोवळ्या पानांच्या भाजीमुळे. मुगाची डाळ, लसूण आणि हिरवी मिरची घालून केलेली ती भाजी आणि गरम भाकरी असली की दुसरं काही नको.

घाणा घराच्या पुढच्या पडवीतच होता. वरती पत्रे, भिंतीवर संताजी जगनाडे महाराजांची तसबीर. चाकणचे हे संताजी म्हणजे तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी एक आणि त्यांचे अभंग लिहून ठेवणारे. महाराष्ट्रातल्या बहुतेक तेली घरांत ही तसबीर दिसते. घरचे म्हातारे बाजेवर बसून आम्हाला माहिती देत होते आणि घाण्यापाशी उभी होती त्यांची सून, तिशीतली, पदर खोचलेली, बी.कॉम. झालेली.

“आम्ही सोमवारी घाणा बंद ठेवतो, बरं का बाई,” आजोबा म्हणाले. “नंदीचा वार. बैलाला जुंपायचं नाही.” बैल जाऊन मोटर आली, तरी वार पाळतात. मला त्यावरून कोकणातल्या बेने इस्राएल लोकांची आठवण झाली. तेही पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळायचे, पण शनिवारी, म्हणजे त्यांच्या साबाथला, काम बंद. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत आणि सोमवारी सुट्टी घेणाऱ्यांना ‘सोमवार तेली’. एकाच धंद्यातले दोन समाज, आणि ओळख पटायची ती सुट्टीच्या वारावरून! मुलांना ही गोष्ट फार आवडली.

आता घाणा चालतो कसा ते सांगते. मधोमध लाकडाचं मोठं उखळ, त्यात तिरकी बसवलेली जाड लाट. पूर्वी लाटेला आडवं लाकूड जोडून बैल गोल फिरायचा, आता खाली मोटर आहे आणि उखळच फिरतं. फिरतं तेही सावकाश, मुलांना फेऱ्या मोजता येतील इतकं. एका वेळी पंधरा किलोच्या आसपास करडई पडते. बी आधी चाळून, निवडून, उन्हात तापवून घेतात. थोडी भरडली गेली की सूनबाई वरून पाण्याचा हलका हबका मारते, मग बीचा लगदा एकमेकांना धरतो आणि तेल सुटायला लागतं. पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. मग उखळाच्या कडेला ओलसर चमक येते, आणि खालच्या तोटीतून मधाच्या रंगाची बारीक धार लागते. पाऊण-एक तासानं तेल संपतं आणि आत कडक पेंड उरते, ती म्हशींच्या वाट्याची.

ताजं तेल लगेच डब्यात भरत नाहीत. दोन-तीन दिवस टाकीत निवळू देतात, गाळ खाली बसला की वरचं फडक्यातून गाळून घेतात. आमच्या वहिनींनी धारेखाली बोट धरलं आणि म्हणाल्या, “अगं, हे तर कोमट आहे!” घर्षणानं थोडी ऊब येतेच. डब्यावर कुणी ‘थंड घाण्याचं’ असं छापलं, तर त्याचा अर्थ बर्फासारखं थंड असा घ्यायचा नाही. मोठ्या गिरणीत बी जास्त दाबाखाली तापून निघते, उरलेल्या पेंडीतलं तेल द्रावण वापरून ओढतात. मग रिफाईंड करताना त्याचा रंग काढतात आणि वास जावा म्हणून दोनशे अंशांच्या वर तापवतात. म्हणून त्या तेलाला ना रंग, ना वास. ते वाईट असतं असं नाही, पण ते कोणत्या बीचं हे आपल्या नाकाला सांगता येत नाही, एवढं खरं.

मग आली चवीची पाळी. स्पेन-इटलीत ऑलिव्हच्या तेलाचे असेच घरगुती कारखाने आहेत, तिथं प्रवासी हौसेनं तेल चाखायला जातात. तिकडचे पारखी निळ्या काचेच्या पेल्यातून तेल चाखतात, म्हणजे रंग दिसून मन आधीच कौल देऊ नये. पेला तळहातावर धरून ऊब देतात, आधी वास घेतात, मग घोट. वाटूरला निळे पेले नव्हते. पाच स्टीलच्या वाट्या, ज्वारीच्या भाकरीचे तुकडे, मीठ आणि फोडलेला कांदा.

पहिली वाटी करडईची. वास कोवळ्या गवतासारखा, चव हलकी, मागून किंचित कडसर. दुसरी शेंगदाण्याची, ती ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही, भाजलेल्या शेंगांचा खमंगपणा तोंडभर. तिसरी तिळाची, दाट, गोडसर. चौथी काराळ्याची, गडद वासाची, कांद्याबरोबर झकास. पाचवी जवसाची. हिचा वास उग्र, माझ्या धाकट्यानं नाक मुरडलं. “हे तापवायचं नाही,” सूनबाई म्हणाली, “वरून घ्यायचं, चटणीवर, चमचाभर.” जवसाचं तेल फार लवकर खवट होतं, म्हणून ती ते मागणीपुरतंच काढते. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून पुन्हा एकदा चाखून पाहिलं. दुसऱ्या खेपेला पाचही तेलं बरोबर ओळखली ती माझ्या नवव्या वर्षाच्या लेकीनं!

भाव विचारला आणि आमचे चेहरे उतरले. पिशवीतल्या तेलाच्या दुपटीपेक्षा जास्त. सूनबाईनं मग हिशेबच मांडला. करडईच्या दाण्यात तेल तिसाव्या टक्क्याच्या आतबाहेर, टरफलच फार. घाण्यातून सगळं निघत नाही, म्हणून चार किलो करडई घातली तर जेमतेम किलोभर तेल. शेंगदाण्याला अडीच किलोच्या आत भागतं. “आता चार किलो करडईचा भाव धरा, वीज धरा, माझी मजुरी धरा आणि पेंडीचे पैसे वजा करा,” ती म्हणाली. “ह्याच्या खाली कुणी घाण्याचं करडई तेल देत असेल, तर त्यात करडई किती हे त्यालाच विचारा.” मैत्रिणींनो, हा हिशेब मात्र पाठ करून ठेवण्यासारखा आहे. तेलातली भेसळ ही साधी गोष्ट नाही. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि कितीतरी माणसं दगावली. स्वस्ताई कधी कधी अशी महागात पडते.

पण तिची खरी काळजी भावाची नव्हती. काळजी करडईची होती. “बी मिळत नाही, ताई,” ती म्हणाली. पूर्वी पंचक्रोशीतून बैलगाड्या यायच्या, लोक आपली करडई घालून वर्षाचं तेल न्यायचे. नंतर या भागात सोयाबीन आलं, रब्बीत हरभरा वाढला. त्यात काटे नाहीत, काढणी सोपी, बाजार हमखास. काटेरी करडई कापायला मजूर तयार होईनात. आजोबांनी एक दिवस बैल विकले, घाणा बंद केला. पाच-सहा वर्षं तो तसाच धूळ खात पडला होता. सून आली, तिनं बँकेतून कर्ज काढून मोटर बसवली. सासरे आधी नाराज होते. “तेल्याच्या पोरानं नोकरी करावी, घाण्याला कशाला जुंपून घ्यावं, असं मला वाटायचं,” ते आमच्यासमोरच म्हणाले. सून हसली नाही की रागावलीही नाही. ती उखळातला लगदा काठीनं सारखा करत राहिली.

काट्यांवर संशोधकांनी उपाय शोधले आहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याची संकरित करडई काढली. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठातही करडईवर वर्षानुवर्षं काम चालू आहे, तिथली वाणं मराठवाड्यात पेरली जातात. यंत्रानं काढणीही होऊ लागली आहे. तरी शेतकरी विचारतो, तेल घेणार कोण? आणि घाणेवाली विचारते, बी देणार कोण? दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. इकडे आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, त्यात पामतेलाचा वाटा मोठा.

निघताना मी तेलाचा एक डबा घेतला. सूनबाईनं पैसे मोजले आणि शांतपणे विचारलं, “ताई, पुढच्या महिन्यात घ्याल? बघायला येणारे पुष्कळ येतात. फोटो काढतात, भाकरी खातात, एक डबा नेतात. माझा हप्ता मात्र दर महिन्याला असतो.”

त्या प्रश्नाला लगेच ‘हो’ म्हणणं सोपं होतं. पण आमच्या घरचा पगार ठरलेला, माझी शाळा अर्धवेळ. मी “कळवते” म्हटलं आणि घरी येऊन वही उघडली. आम्ही चौघं, महिन्याला चार किलो तेल. माणशी दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे तेल धरलं, तरी तीन किलोत भागायला हवं. मग हे जादा किलो कुठं जात होतं? तर रविवारच्या पुऱ्यांत, मुलांच्या भज्यांत आणि ‘थोडंसं अजून’ म्हणून कढईत पडणाऱ्या धारेत. मी फोडणीची पळी बाजूला ठेवली आणि चहाचा चमचा आणला. आता दोन किलो साधं तेल आणि एक किलो घाण्याचं करडईचं. खर्च थोडा वाढला, पण दुप्पट नाही. आणि आमच्या ह्यांना भाजी कोरडी लागली का विचारलं, तर म्हणाले, “नाही, उलट आज वास छान येतोय.”

तुमच्या गावाजवळही असा घाणा असेल, तर एकदा जरूर जा. काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. फेब्रुवारी ते एप्रिल नवी बी येते, तेव्हा जा आणि सोमवारी जाऊ नका. घाण्याचं तेल औषध नव्हे, ते चमच्यानंच वापरायचं. करडईचं कच्चं तेल लवकर धुरावतं, म्हणून फोडणी, भाजी, चटणीला वापरा, तळणाला शेंगदाण्याचं बरं. एकदा तळलेलं तेल पुन:पुन्हा तापवू नका. वर्षभर एकाच प्रकारच्या तेलावर राहण्यापेक्षा आलटून पालटून वापरावं, असं पोषणतज्ज्ञही सांगतात. करडईचं तेल महिना-दीड महिन्याला पुरेल इतकंच घ्या, स्टीलच्या डब्यात, ओट्यापासून दूर, अंधाऱ्या कप्प्यात ठेवा. तळाला थोडा गाळ दिसला तर घाबरू नका, खवट वास आला तर मात्र वापरू नका.

आणि तेल आवडलं तर घाणेवालीला तसं सांगून थांबू नका, दर महिन्याला किती घेणार तो आकडा सांगा. मी फोन करून सांगितलं, “महिन्याला एक किलो लिहून ठेवा.” वहिनींनीही एक किलो सांगितलं, आमच्या गल्लीतल्या आणखी तिघींनी अर्धा-अर्धा. पलीकडून वहीची पानं चाळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “साडेतीन किलो म्हणजे चौदा किलो करडई झाली की, ताई. आमच्या शेजारच्या वावरात औंदा सोयाबीन काढलं की ते हरभरा पेरणार होते. त्यांना विचारून बघते, दोन तास करडईचे टाकता का म्हणून.”