घाटापुरती गाडी

२०२१च्या दिवाळीत मी यामाहा आर१५ घेतली, दोन वर्षं वापरलेली. माझा नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, “ऑफिसलाच जायचंय ना? मग साधी सव्वाशे सीसीची घ्या की.” त्याचं खरंच होतं. पण २००८ साली ही गाडी पहिल्यांदा आली तेव्हा मी कॉलेजात होतो. दीडशे सीसीला लिक्विड कूलिंग, फ्युएल इंजेक्शन आणि सहा गिअर हे तेव्हा आपल्याकडे नवलच होतं. आमच्या पार्किंगमध्ये एकाचीच होती आणि तो कुणाला हात लावू देत नसे.

पहिला महिना मनगटांनी रडवलं. धायरी ते हिंजवडी, सगळीकडे सिग्नल. हँडल खाली, अंग पुढे झुकलेलं, त्यात पाठीवर लॅपटॉपची बॅग. संध्याकाळी चहाचा कप उचलताना हात थरथरायचा. मग एका मित्राने सांगितलं, हातावर भार देऊ नकोस, गुडघ्यांनी टाकी दाबून धर. फरक पडला, पण तो मोकळ्या रस्त्यावर. ट्रॅफिकमध्ये दर दहा फुटांवर पाय टेकवताना कसली टाकी धरणार!

शनिवारी मात्र ही गाडी पैसे वसूल करते. माझं घर वाईला. खंबाटकी चढून सुरूर फाट्याला वळायचं, घरी चहा घ्यायचा आणि वाहनं वाढायच्या आत पसरणीच्या घाटात शिरायचं. ७४०० आरपीएमला इंजिनात व्हॉल्व्हचा दुसरा कॅम लागतो, मीटरवर ‘व्हीव्हीए’ उमटतं आणि आवाज बदलतो. दुसऱ्या गिअरवर हे पन्नासच्या आत होतं. मोठ्या इंजिनाची सगळी ताकद काढायची तर भलत्या वेगाला जावं लागतं. इथे १५५ सीसी पुरेपूर पिळूनही वळणावर समोर एसटी आली तर वेग आपल्या हातात असतो. १३९ किलोची गाडी नजर टाकू तिकडे वळते. वळणाआधी ब्रेक, मग गिअर, मग नजर पुढच्या कठड्यावर, हे मी तिशीनंतर या गाडीवर शिकलो. आणि एवढं करून लिटरला चाळीसच्या वर ॲव्हरेज. ऑफिसात कुणी विचारलं तर मी हेच कारण पुढे करतो.

एकदा आईला धोमला न्यायचं ठरवलं. मागची सीट टीचभर आणि पुढच्यापेक्षा चांगलीच उंच. आईने पदर खोचला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, सीटकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. “माडीवर बसवतोस की काय मला?” आडवं बसायला तिथे जागाच नाही, आणि दोन्हीकडे पाय टाकून ती जन्मात बसलेली नाही. आम्ही रिक्षाने गेलो.

दुसरा धडा पार्किंगमधला. उतारावर साइड स्टँड नीट लागला नाही आणि गाडी उभ्या उभ्या डावीकडे आडवी झाली. साध्या गाडीचा आरसा फुटला असता. इथे फेअरिंगचा अख्खा पॅनेल तडकला. मजुरीसकट साडेचार हजार. विम्यात प्लास्टिकच्या भागांवर निम्मा घसारा धरतात, हे मला तेव्हा कळलं. झिरो डेप घेतलं असतं तर तो कापला गेला नसता, पण ते मीच हजारभर रुपये वाचवायला टाळलं होतं.

पाऊस, चेनची वंगणं, नव्या टायरचा खर्च हे सगळं आहेच. ते कुठल्या गाडीला नाही?

घरात एकच गाडी ठेवायची असेल तर ही घेऊ नका. आम्ही गेल्या वर्षी वाईच्या घरी एक जुनी स्कूटर घेतली. आई तिच्यावर बसते, आडवी, मांडीवर पिशवी घेऊन.