आगोटीआधीची शेवटची शर्यत

राब भाजायला लागले की आमच्या घरात एकच प्रश्न फिरायचा : "औंदाची शेवटची कुठं?" शर्यत हा शब्द उच्चारायची गरजच नसे. ओटीवर चुना मळणारे आजोबा, चुलीपुढची काकी, परीक्षा संपून उनाडणारी आम्ही अकरा भावंडं, सगळ्यांना कळायचं. पाऊस यायला महिना उरलेला असायचा. त्या महिन्यात गवत शाकारायचं, लाकूडफाटा आत घ्यायचा, सुकट-बोंबील भरायचे, मसाला कांडायचा, म्हणजे आगोटीची सगळी तयारी करायची. आणि आगोटीआधी हंगामाची एक शेवटची बैलगाडी शर्यत. कधी ती कर्जतच्या बाजूला, कधी खालापूरच्या. ती कुठे आहे हे कळेपर्यंत घराला चैन नसायचं.

हंगामाची सुरुवात व्हायची कार्तिकात. साजगावच्या बोंबल्या विठोबाची यात्रा भरली, घरात सुक्या मासळीचा वास आला की भातकापणी उरकत आलेली असे. खाचरं रिकामी व्हायची, झोडणी व्हायची, बैलांच्या मानेवरचं जू सुटायचं. मग गावोगावच्या यात्रा सुरू आणि यात्रा म्हटली की माळावर शर्यत. माघात महडच्या वरदविनायकाची गर्दी, चैत्रात ग्रामदेवतांच्या पालख्या, असं करत करत वैशाख यायचा.

आमचं गाव पेज नदीच्या काठचं. टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी पेजेत उतरतं, म्हणून तालुक्यातले ओढे आटले तरी आमची पेज भर मे महिन्यात वाहती. हे वीजघर १९२२ सालचं. आजोबांचे वडील त्याच्या कामावर होते. राजनाला कालव्याचं पाणी ज्या शिवारात पोचे तिथे उन्हाळी भात हिरवं उभं असे, म्हणून तिथे शर्यत घेता येत नसे. शर्यत व्हायची कोरड्या माळावर, वरकस जमिनीत. पण बैल धुवायला सगळ्या पंचक्रोशीतले लोक आमच्या पेजेवर यायचे. मेच्या दुपारी त्या पाण्यात आम्ही पोरं आणि दहा-बारा बैल एकत्र डुंबत असू. बैलाच्या ओल्या पाठीचा वास आजही आम्हा सगळ्यांना ओळखता येईल.

आमची जोडी म्हणजे सर्जा आणि मोत्या. सर्जा घाटावरून आणलेला खिल्लार, पांढराशुभ्र, कान सदैव टवकारलेले. मोत्या घरच्या गाईचा, ठेंगणा, पायाने चपळ. दिसायला ही जोडी विजोड होती, पण आजोबा म्हणायचे की जोड डोळ्यांनी लावायची नसते, पावलांनी लावायची. हेच दोन बैल जूनमध्ये नांगर ओढायचे, जुलैत गुडघाभर चिखलात चिखलणी करायचे, दिवाळीत भाताचे भारे वाहायचे. घरात दुसरे बैल नव्हतेच. शर्यतीसाठी वेगळा बैल बाळगावा एवढी आमची ऐपत नव्हती, आणि गावात बहुतेकांची तीच स्थिती होती.

आवणीच्या दिवसांत मोत्याच्या खांद्याला जुवाने जखम व्हायची. काकी रोज संध्याकाळी गरम तेलात हळद कालवायची आणि ती त्याच्या मानेवर चोळायची. मोत्या मान खाली घालून उभा राही. पावसाळा सरेपर्यंत तिथे घट्टा पडायचा, कासवाच्या पाठीसारखा कडक. आम्ही मुलं त्याच्यावर बोटांनी टकटक वाजवायचो. काकी म्हणायची, "ह्या घट्ट्यावर तुम्ही जेवताय." तिचं ते वाक्य आम्हा अकराही जणांना सारखंच लागलं होतं.

शर्यतीच्या महिनाभर आधीपासून खुराक वाढे. पेंढ्याबरोबर सरकी पेंड, भिजवलेली उडदाची डाळ, गूळ. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचं 'कर्जत-३' हे भात तेव्हा आमच्याकडे लावायला लागले होते. त्याच्या कण्या शिजवून आजी बैलांपुढे ठेवायची. आम्हाला चहात गूळ बेताने पडे. बैलांच्या घमेल्यात मात्र आजी मोजत नसे, आणि आमच्यापैकी कुणीही त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं आठवत नाही.

शेवटची शर्यत खालापूरकडे असली की मोठे काका आणि बाबा आदल्या रात्रीच बैल घेऊन चालत निघायचे. रात्रीच्या गारव्यात बैल थकत नाहीत. शर्यतीची गाडी, म्हणजे छकडा, टेम्पोत चढायचा. आम्ही पोरं आणि आत्या सकाळच्या खोपोली गाडीने. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी : या चार स्टेशनांची नावं आम्ही शाळेत जायच्या आधी पाठ केली होती. त्या दिवशी डब्यात पाय ठेवायला जागा नसे. फेटे, टोप्या, काखेत भाकरीच्या पिशव्या, कुणाच्या हातात नवी घुंगुरमाळ. ओळख नसलेली माणसंसुद्धा एकमेकांना विचारत, "तुमचा कुठला बैल?" माणसाची ओळख बैलावरून पटायची. आमची ओळख "मोत्यावाले" अशी होती, आणि आजोबांना त्या नावाचा जेवढा अभिमान होता तेवढा आडनावाचा नव्हता.

माळावर पोचलं की आधी माणसांचा आवाज कानावर पडे, माणसं मागाहून दिसत. माळाच्या दोन्ही बाजूंना बांधापर्यंत रांगा. आंब्याच्या झाडांवर पोरं, ट्रकच्या टपावर पोरं, बायका टेकाडाच्या उतारावर पदर डोक्यावर घेऊन. ठाकर समाजाच्या बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या. बर्फाचा गोळा, ताडगोळे, भेळेची गाडी. ही शेवटची असल्यामुळे पनवेल, उरण, बदलापूरपासून लोक येत. ज्यांचे बैल पळणार नसत तेही येत. आता दिवाळीपर्यंत काही नाही, ही जाणीव सगळ्यांना असे. वर्षभरात शेतावरून न हललेल्या आमच्या आजीलाही त्या एका दिवशी टेम्पोत बसवून आणत. ती शर्यत फारशी बघायचीच नाही. माहेरच्या गावची माणसं शोधत गर्दीतून फिरायची. लग्नं तिथे जमायची, भांडणं तिथे मिटायची, कुणाच्या मयताची बातमी तिथे कळायची. एवढी माणसं एकत्र भेटण्याची दुसरी जागा आमच्या मुलखात नव्हती, आणि मला वाटतं, गर्दीचं खरं कारण तेच होतं.

धाव मात्र क्षणाची. आमच्याकडे बिनजोड चाले, म्हणजे दोन गाड्यांची समोरासमोर लढत. छकडा असा हलका की एका माणसाने उचलावा. त्यावर धुरकरी म्हणून धाकटे काका, घरात सर्वांत किरकोळ अंगाचे म्हणून. झेंडा पडला की चार बैलांच्या पायांखाली माळाची धूळ उठायची आणि त्या धुळीतून फक्त शिंगं दिसायची. काकांचा आवाज, घुंगरांचा आवाज, मग एकदम सगळी गर्दी आत धावायची. कोण जिंकलं ते आम्हाला आजोबांच्या चेहऱ्यावरून कळे. १९९८ च्या मे महिन्यात खालापूरच्या माळावर मोत्या-सर्जा पहिले आले. बक्षीस होतं पितळेचा हंडा आणि फेटा. गुलालाने आजोबांच्या पांढऱ्या मिशा लाल झाल्या होत्या. त्यांना रडताना आम्ही आयुष्यात तेव्हा एकदाच पाहिलं.

त्याच दिवशी आमच्यातल्या थोरल्या बहिणीने दुसरंही काही पाहिलं. हरलेल्या एका जोडीतल्या बैलाच्या मागच्या मांडीवरून रक्त ओघळत होतं, पराणीच्या खिळ्याचं. ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. आमच्या घरात नियम होता : बैलाच्या अंगावर वळ दिसला तर तीच काठी धुरकऱ्याच्या पाठीवर. पण सगळ्यांच्या घरात तो नव्हता, हे खरं आहे आणि ते लपवून या आठवणी सांगण्यात अर्थ नाही. पुढे ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने खेळ करायला लावू नयेत अशा प्राण्यांत बैलाचं नाव घातलं आणि ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या, तेव्हा आमच्या घरात सगळेच हळहळले. ती बहीण मात्र म्हणाली, "त्या बैलाला विचारा." तिला कुणी उलट उत्तर दिलं नाही.

शर्यतीच्या रात्री परतीच्या वाटेवर बैलांना पाणी पाजलं जाई, पायांना शेक दिला जाई. दुसऱ्या दिवशी घुंगुरमाळा पुसून माळ्यावर. छकड्याची चाकं काढून पडवीत भिंतीला लावली जात. मग आठ-पंधरा दिवसांत मृग. शर्यतीच्या गुलालाचे डाग शिंगांच्या मुळाशी असतानाच मोत्या नांगराला जुंपलेला असायचा. पहिल्या पावसाने तो गुलाल धुऊन निघायचा, आणि ते पाणी आमच्या खाचरात उतरायचं.

आमच्यातला एक भाऊ आता अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात असतो. तिथल्या हिकरी नावाच्या गावाजवळ १९५१ पासून मोटारींच्या शर्यतींचं मैदान आहे. एका वर्षी हंगामाची शेवटची शर्यत बघून आल्यावर त्याने आम्हाला तासभर फोनवर धरलं. तिथे पळणारी 'स्टॉक कार' म्हणजे मुळात दुकानातून निघाली तशी साधी गाडी; सुरुवातीच्या काळात लोक रोजच्या वापराच्या गाड्या घेऊन शर्यतीत उतरत. १९४८ मध्ये या शर्यतींची नास्कार ही संस्था निघण्याआधीपासून डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर, ओहोटी बघून, वाळूवर गाड्या पळायच्या. आमच्या अलिबागकडच्या किनाऱ्यावर ओहोटीला बैलगाड्या पळतात, अगदी तशाच. तो म्हणाला, तिथेही लोक घडीच्या खुर्च्या घेऊन घरंच्या घरं आली होती, म्हातारे एकमेकांना शोधत होते, आणि शेवटची फेरी संपल्यावर कुणाला घरी जावंसं वाटत नव्हतं. फोन ठेवताना त्याचा आवाज ओला झाला होता. "मला मोत्या दिसला रे," एवढंच तो म्हणाला.

मोत्या २००३ च्या पावसात गेला. सर्जा त्याच्या आधीच. आजोबांनी दुसरी जोड लावली नाही. तोवर द्रुतगती मार्ग खालापुरातून गेला होता, माळ विकले जात होते, कुंपणं पडत होती, आणि आमच्या खाचरात भाड्याचा पॉवर टिलर फिरू लागला होता.

१६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या २०१७ च्या कायद्यानुसार शर्यतींना पुन्हा परवानगी दिली. आता जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी लागते, काठी-पराणी चालत नाही. नियम मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा कायदा कायम ठेवला. थोरल्या बहिणीला नियम वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मग मी येते."

घटनापीठाच्या निकालाआधीच, २०२२ च्या मेमध्ये, आम्ही अकरापैकी आठजण हंगामाच्या शेवटच्या शर्यतीला गेलो होतो. बरोबर ऐंशीच्या पुढची काकी. गर्दी पूर्वीपेक्षा मोठी, आणि तरुण. प्रत्येकाच्या हातात फोन, वर ड्रोन, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण. पितळेच्या हंड्याच्या जागी मोटारसायकली. सांगलीकडे तर थार गाडी बक्षीस लागते म्हणतात. बैल विशीतल्या मुलांनी आणले होते, आणि त्यांनी ते जिवापाड जपले होते हे बघताच कळत होतं. झेंडा पडला, धूळ उठली, आणि आम्ही आठहीजण, केस पांढरे झालेले, पोरांसारखे आत धावलो.

गुलाल उधळून झाल्यावर काकी जिंकलेल्या बैलाजवळ गेली. मालक पोरगा वीस-बावीस वर्षांचा. त्याने आदराने वाट दिली. काकीने बैलाच्या कपाळाला हात लावून नमस्कार केला. मग तिचा हात सवयीने मानेवर गेला, वशिंडापुढे, जू बसतं तिथे. तिने तळवा दोनदा फिरवला.

"मऊ हाय रे," ती त्या पोराला म्हणाली. "काय खायला घालतोस?"

पोरगा हरखून सांगू लागला, आणि काकी हात तिथेच ठेवून ऐकत राहिली.