काचेच्या समुद्राचा तळ

लासलगांवाचा आणि समुद्राचा संबंध कोणता, असें कोणी विचारल्यास, येथील कांदा न्हावाशेवा बंदरांतून परदेशीं जातो, यापलीकडे सांगण्यासारखें आम्हांपाशीं फारसें कांहीं नाहीं. पायाखालचा खडक सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वीं थिजलेल्या अग्निरसाचा. म्हणून खडक काळा, माती काळी आणि गोदावरीची वाळूहि काळीच. अशा गांवीं माजघरांत खाऱ्या पाण्याचें, प्रवाळसृष्टीची आठवण देणारें मत्स्यालय मांडावें, ही कल्पना घरांतील तरुण मंडळींची. आणि तरुण मंडळी घरांत बहुसंख्य असल्यामुळें ती मान्य झाली. १९५१ सालीं मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हां त्याच्या दाराशींच समुद्र होता. आम्हांस मात्र समुद्र पिशवींतील मिठापासून घडवावयाचा होता.

पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३६ उंच. मासे कोणते, दिवा कोणता, यांवर आठ दिवस वाद चालला. तळाविषयीं मात्र कोणी अवाक्षर काढीना. वाळू ती वाळू, असाच सर्वांचा समज. शेवटीं आमच्या मातोश्रींनीं विचारलें, “तुळशीला माती घालतांना ती चार वेळां हातांत घेऊन पाहतां; मग ज्याच्यावर तो जीव रात्रंदिवस राहायचा, तें नको का पाहायला?”

प्रश्न रास्त होता. माशांच्या मलमूत्रापासून व उरलेल्या खाद्यापासून पाण्यांत अमोनिया होतो, आणि तो अल्प प्रमाणांतहि विषारी असतो. एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचें नायट्रेट. आणि या जंतूंना बसावयास पृष्ठभाग लागतो. छिद्रमय दगड व वाळूचे कण हीच त्यांची वसाहत. तळ हें केवळ शोभेचें बिछाइत नव्हे, तें त्या घराचें स्वयंपाकघर आणि मोरी, दोन्ही आहे.

प्रथम अर्थातच नदीच्या वाळूचा विचार झाला. तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले, तर कांहींच झालें नाहीं. शिंपल्याच्या तुकड्यावर टाकले, तर लगेच फेंस आला. फेंस येतो तो चुन्याच्या जातीचा पदार्थ. काळ्या वाळूंत चुना नाहीं, हा कांहीं तिचा अपराध नव्हे. परंतु तिच्यांतून लोहचुंबक फिरवतांच त्याला मिशा फुटल्या! कांच आंतून पुसण्यासाठीं जो चुंबकाचा घासणा वापरतात, त्याला हे लोहकण चिकटले कीं कांचेवर ओरखडे उठणार. शिवाय नदीच्या वाळूबरोबर गाळ येणार, आणि शेतांतून वाहून आलेलें आणखी काय येईल तें सांगवत नाहीं. ती बाजूस ठेवली. संगमरवराचे खडे पांढरे व स्वस्त असतात. पण त्यांच्या फटींत खाद्य पडून कुजतें.

मग एका मोठ्या शहरांतील दुकानदारानें आम्हांपुढें पांढऱ्या शुभ्र चुऱ्याची पिशवी ठेवली. प्रवाळाचा चुरा! तो म्हणाला, हा घातला कीं पाण्याचा क्षारगुण आपोआप टिकतो. यांत तथ्य आहे, पण अर्धेंच. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो, आणि तेवढ्या पाण्यांत प्रवाळाचा चुरा मुळींच विरघळत नाहीं; थरांत खोलवर, जेथें जंतूंच्या व्यापारानें आम्लता वाढते, तेथें तो थोडा विरघळतो इतकेंच. क्षारगुण टिकतो तो मुख्यतः नियमानें पाणी बदलल्यामुळें.

परंतु खरा वाद पुढेंच होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ पासून भित्ती बांधणारीं सर्व प्रवाळें आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें तीं वाघाच्या पंक्तीला बसलीं आहेत. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामांत २०२० सालीं प्रवाळें आडवीं आलीं, तेव्हां सरकारी काम असूनहि परवानगी काढून तीं उचलून दुसरीकडे लावावीं लागलीं. मालवणचें सागरी अभयारण्य १९८७ चें. विजयदुर्गापासून दूर समुद्रांत कान्होजी आंग्र्यांच्या नांवाची जी आंग्रिया बँक आहे, तेथेंहि प्रवाळांचें मोठें नांदतें गांव आहे. घट्ट गोळ्याच्या आकाराचें प्रवाळ वर्षाला साधारण १ सेंटिमीटर वाढतें. आमच्या पेटीला तळ घालण्यास ७-८ किलो चुरा हवा होता. तो ज्या गोळ्यांचा कुटला असेल, ते घडावयास किती वर्षें लागलीं असतील, याचा हिशेब पुतण्यानें पाटीवर मांडला आणि मध्येंच पुसून टाकला.

धाकटे बंधु वकिली बाण्याचे. ते म्हणाले, “तें प्रवाळ मेलेलेंच आहे. पिशवी दुकानांत आलेली आहे. आपण न घेतल्यानें तें जिवंत होणार आहे थोडेंच? आणि एवढा विचार, तर आईच्या गळ्यांतल्या पोवळ्यांचें काय?” माजघर क्षणभर गप्प झालें. दागिन्याचें तांबडें पोवळें निराळ्या जातीचें; तें भित्ती बांधीत नाहीं, आणि बाजारांत पूर्वापार भूमध्य समुद्रांतून येत आलें आहे, हें आम्हीं सांगितलें. तरीहि बंधूंच्या प्रश्नाची धार त्यानें पुरती बोथट होत नाहीं, हें आम्हांस कबूल आहे. मातोश्रींनीं माळेला हात लावला आणि म्हणाल्या, “ही माझ्या सासूबाईंनीं घातली, मी विकत घेतली नाहीं. तुम्ही मात्र आज विकत घेणार आहांत.” पिशवी घेतली नाहीं. त्याबरोबरच पेटींत जिवंत प्रवाळ आणावयाचें नाहीं, हेंहि ठरलें. भित्तीचा आकार चुनखडीच्या दगडांनीं साधावयाचा आणि त्यांवर समुद्रशेवाळ वाढवावयाचें.

उपाय शेवटीं गांवांतच सांपडला. अंडीं देणाऱ्या कोंबड्यांना कवच घट्ट व्हावें म्हणून शिंपल्यांची चुरी खाऊं घालतात. आमच्या घरांत अंडें येत नाहीं. पण कोंबडीखाद्याच्या दुकानांतून एक गोणी आली, आणि ती पाहून शेजाऱ्यांच्या भुंवया किती वर गेल्या, तें लिहीत नाहीं. दोन चाळण्यांनीं चाळून १ ते २ मिलिमीटरचे कण निवडले. तांदूळ धुतात तशी चुरी धुतली. बाराव्या पाण्याला निवळी आली. तिच्या कडा किंचित् तीक्ष्ण आहेत, म्हणून वाळूंत घुसून राहणारे मासे ठेवतां येणार नाहींत. विदूषक मासा वाळूंत शिरत नाहीं. आणि त्याची पैदास आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें साधलेली असल्यामुळें समुद्रांतून पकडलेलाच आणावा लागतो, असेंहि नाहीं.

थर किती जाड, हा शेवटचा प्रश्न. १० सेंटिमीटरांहून जाड थरांत खालीं प्राणवायु पोंचत नाहीं, तेथें वेगळे जंतु नायट्रेटचा नायट्रोजन करून टाकतात. मोनॅकोच्या झां जोबेर यांची प्रसिद्ध पद्धति खोल थरावरच उभी आहे. पण मोनॅकोस आणि येथें भेद आहे. वैशाखांत वीज गेली कीं पंप थांबतो. कोमट पाण्यांत प्राणवायु आधींच कमी मावतो. आणि तेवढ्यांत थरांतील असंख्य जीवहि माशांच्याच वाट्याचा प्राणवायु ओढीत राहतात. जुना खोल थर ढवळला गेल्यास सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायु सुटण्याची भीति निराळीच. म्हणून आम्हीं ३ सेंटिमीटरांवर थांबलों.

पाणी मात्र कूपनलिकेचें घेतलें नाहीं. तें जड, आणि या खडकांतून सिलिका घेऊन येणारें. गाळणयंत्राचें पाणी घेऊन लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबानें सुमारें २ किलो सागरी मीठ विरघळविलें. स्वयंपाकाचें मीठ येथें चालत नाहीं. पहिले चार दिवस पेटी ताकासारखी दिसत होती, सहाव्या दिवशीं दगड दिसूं लागले. तिसऱ्या आठवड्यांत चुरीवर तपकिरी साय धरली; ती सिलिकेवर जगणाऱ्या डायाटमांची असून नव्या पेटींत बहुधा येतेच. पुतण्या एक दिवसाआड अमोनिया व नायट्राइट तपासून आंकडे वहींत लिहितो. दोन्ही सलग दोन आठवडे शून्यावर राहिल्याशिवाय मासे आणावयाचे नाहींत, असें ठरलें आहे. कालचें नायट्राइट अजून शून्यावर आलेलें नव्हतें.