डावा पाय

घरातली एखादी वस्तू बिघडली की दोष द्यायला माणसाला प्रथम ती वस्तूच सापडते. मीही त्याला अपवाद नाही. परवा नांदगावहून मुरुडला निघालो असताना आमची जुनी एम. एम. ५४० जीप चढावर नुसतीच गुरगुरू लागली. इंजिनाचा आवाज वाढत होता आणि गाडी मात्र रुसलेल्या व्याह्यासारखी पाय उचलत नव्हती. पाठोपाठ करपट वास आला. "काहीतरी करपते आहे," सौभाग्यवती म्हणाली. एरवी आमच्या घरात हे वाक्य माझे असते.

मुरुडच्या मिस्त्रींनी गाडी सपाटीवर घेतली, हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला आणि हळूच क्लच सोडला. धड क्लच असता तर इंजिन आचका देऊन बंदच पडले असते. ते आपले निवांत चालू राहिले. "प्लेट संपली, भाऊ," मिस्त्री म्हणाले.

आता नवी कोणती घालायची? माझे उत्तर तयार होते. महायुद्धात जन्मलेल्या आणि स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी आपल्या देशात रुजवलेल्या गाडीच्या वंशातली ही आमची जीप. तिला साधी प्लेट म्हणजे पहिलवानाला पेज! तांबे आणि सिरॅमिक यांच्या चकत्या जडवलेली प्लेट आणि तिच्यावर कडक स्प्रिंगची प्रेशर प्लेट, असा सरंजाम मी कुठेसा पाहून ठेवला होता. ती तापली तरी पकड सोडत नाही म्हणे.

मिस्त्रींनी हात पुसले. "गाडी रोज जाते कुठे?"

"डोंगर, वाळू..." मी सुरुवात केली.

"रोज?"

मग मला हिशेब द्यावा लागला. रोज म्हणजे मुरुडचा बाजार, सुपारीची पोती, कोणाला दवाखान्यात पोचवणे, शनिवार-रविवारी काशिदला येणाऱ्या पाहुण्यांच्या मोटारींमागे इंच-इंच सरकणे. फणसाडच्या बाजूचा डोंगर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. आणि वाळू वर्षातून एकदाच, जूनमध्ये मासेमारी बंद झाली की शेजाऱ्यांची होडी वर ओढायला. यंदाही ओढली होती. मोठ्या ऐटीत, साध्याच गिअरात, अर्धा क्लच दाबून. गाडीत त्यासाठी दुसरा दांडा आहे. तो 'लो'मध्ये टाकला की चाकांचा जोर वाढतो आणि क्लचला घासत बसावे लागत नाही. पण तो टाकायला उतरणीचा वेळ जातो आणि किनाऱ्यावर माणसे बघत असतात!

मिस्त्रींच्या मते ती कडक प्लेट एकदम चावते. शर्यतीत ते बरे, पण गर्दीत आणि मागे घेताना गाडी थडथडते, आणि तो हिसका गिअरबॉक्सला, जॉइंटांना सोसावा लागतो. साधी प्लेट जरा घसरून घेते. तिच्या मधल्या स्प्रिंगा धक्का गिळतात. शिवाय कडक स्प्रिंग म्हणजे पेडल जड. "वहिनी चालवतात ना?"

या प्रश्नावर मी गप्प झालो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने आमची वाडी आडवी केली. पोफळी अशा पडल्या होत्या की दारातून विहीर दिसेना. मी मजूर आणि करवती यांच्यामागे धावत होतो. कोणी विचारायच्या आत हिने जीपची किल्ली उचलली आणि पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकली. आज आळीतल्या बायका बाजाराला तिच्याबरोबर जातात, माझ्याबरोबर नव्हे. तिचा डावा गुडघा गेल्या वर्षापासून दुखतो. ती सांगत नाही, पण जिना उतरताना कठड्याला धरते. जड पेडल बसवले असते, तर ती तक्रार न करता एक दिवस किल्ली खुंटीला लावून मोकळी झाली असती.

साधी प्लेट घ्यायचे ठरले. पण एकटी प्लेट नव्हे. गिअरबॉक्स उतरवण्यातच खरी मजुरी असते, तेव्हा प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी नवे घालावे हे मिस्त्रींचे म्हणणे मला पटले. फ्लायव्हीलवर तापून निळे डाग पडले होते. ते लेथवर हलकेच घासून आणले. जुनी प्लेट त्यांनी माझ्या हातात ठेवली. अस्तर रिव्हेटांपर्यंत झिजलेले.

"भाऊ, रागावू नका," ते म्हणाले, "गाडी चालताना तुमचा डावा पाय पेडलवरच असतो काय?"

मी नाही म्हणालो. सौभाग्यवती हो म्हणाली. दोघांचे शब्द एकदमच बाहेर पडले.

संध्याकाळी गाडी मिळाली. पेडल लोण्यासारखे. आधी ती एक चक्कर मारून आली, गुडघ्याबद्दल काही बोलली नाही, फक्त "बरे आहे" म्हणाली आणि उतरून शेजारच्या जागेवर बसली. मी घराकडे निघालो. डावीकडे समुद्रावर सूर्य टेकला होता, बघण्यासारखा होता. तिचे लक्ष तिकडे नव्हते. चढ लागला तशी ती किंचित पुढे वाकली आणि माझ्या डाव्या पायाकडे बघत राहिली.